सोलापूरचं घर काही महिने बंद ठेवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अशी घरं आता गल्लोगल्ली दिसतात. मुलं पुण्यात, हैदराबादेत किंवा परदेशात असतात. आई-वडील ऊन तापायला लागलं की तिकडे जातात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास परततात. काही घरं तर संक्रांतीला, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांतच उघडतात. नंदीध्वजांची मिरवणूक झाली, अक्षता पडल्या, पाहुणे पांगले, की पुन्हा कुलूप. आमच्या भागातल्या काही घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात आणि निघायच्या आधी बहुतेक जण हेच प्रश्न विचारतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहिलं आहे.

तयारीला किती आधी लागायचं?

पंधरा दिवस तरी हातात ठेवा. हौद धुवायचा दिवस पाणी सुटायच्या दिवसाकडे बघून ठरवावा लागतो, प्लंबर बोलावल्या दिवशी येतोच असं नाही, आणि शेवटचे दोन दिवस बॅगा आणि भेटीगाठीतच जातात. शेवटच्या दिवसासाठी फ्रीज, गॅस, पाणी आणि मेन स्विच एवढंच शिल्लक असावं.

बंद घराचं सगळ्यात जास्त नुकसान कशानं होतं?

पाण्यानं. लोक चोरांना घाबरतात, पण मी उघडलेल्या घरांत खराबी दिसली ती बहुतेक वेळा पाण्यामुळेच.

आपल्याकडे कित्येक भागांत पाणी काही दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे, कधी मध्यरात्री. निघायच्या गडबडीत कुणीतरी हात धुवायला तोटी फिरवतं, नळ कोरडा असतो, तोटी तशीच उघडी राहते आणि घराला कुलूप लागतं. मग महापालिकेचा चावीवाला आपल्या भागाचं पाणी सोडतो आणि ते थेट घरात वाहू लागतं. मोरीच्या जाळीवर एखादं फडकं अडकलेलं असेल तर पाणी खोल्यांत पसरतं, प्लायवूडची कपाटं खालून फुगतात, भिंतींना ओल चढते. शेजाऱ्याची भिंत सामाईक असेल तर त्याच्याही घरात. असं दर पाण्याच्या वेळी होत राहतं आणि दाराखालून ओघळ येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणून महापालिकेचा नळ जिथे घरात शिरतो तिथला मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. जुन्या घरांत तो नसतोच, मग प्लंबरकडून बसवून घ्या. खर्च किरकोळ आहे आणि बंद घरासाठी याहून चांगला खर्च मला सुचत नाही. व्हॉल्व्ह असेल तर आठवडाभर आधी फिरवून बघा. पाण्यातले क्षार धरून तो जाम झालेला असतो आणि निघायच्या दिवशी जोर लावला तर दांडाच तुटतो. त्यानंतर गच्चीवरच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा, घरातले सगळे नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या आणि पुन्हा एकेक नळ हातानं घट्ट बंद करा. फ्लशच्या टाकीचा आणि वॉशिंग मशीनचा नळही विसरू नका.

हौद आणि वरची टाकी भरून ठेवायची की रिकामी?

जमिनीतला सिमेंटचा हौद धुऊन थोडा भरलेला ठेवावा असं माझं मत आहे. उन्हाळाभर कोरडा पडला की आतल्या गिलाव्याला भेगा जातात आणि मग तो पाणी धरत नाही. हौद गळतो का हे जायच्या आधीच बघा. रात्री पाण्याच्या पातळीवर कोळशानं रेघ मारा, कुणी पाणी वापरू नका, सकाळी पातळी रेघेखाली गेली असेल तर गळती आहे.

गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी पूर्ण रिकामी ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं सुटतं तेव्हा रिकामी टाकी पाइपांसकट उलटते. पाव टाकी पाणी ठेवा, नाहीतर तारेनं बांधा. झाकण मात्र दोन्हीकडे घट्ट हवं. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो आणि ती अंडी कोरड्या जागीही काही महिने टिकतात, पुन्हा पाणी आलं की त्यांतून अळ्या होतात. म्हणून टाकीच्या भिंती घासून धुवायच्या असतात, नुसतं पाणी सोडून देणं पुरत नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, रिकामे डबे पालथे घाला. अंगणात उघडा हौद किंवा आड असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. तुमचं बंद अंगण अख्ख्या गल्लीला ताप देऊ शकतं.

परत आल्यावर घरात गटाराचा वास येतो. कशामुळे?

मोरीच्या आणि संडासाच्या खाली वाकड्या नळीत थोडं पाणी कायम साठलेलं असतं आणि तेच गटाराची हवा अडवून धरतं. आपल्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा ते पाणी काही आठवड्यांत आटतं. मग वासही येतो आणि झुरळंही. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे खाण्याचं तेल सोडा. तेलाचा थर पाणी लवकर आटू देत नाही. जाळीवर जाड प्लॅस्टिक ठेवून वर फरशीचा तुकडा ठेवा, कमोडचं झाकण लावा. घराची किल्ली ज्याच्याकडे आहे त्या किल्लीवाल्यानं दर फेरीला तांब्याभर पाणी ओतलं तर ही कटकटच उरत नाही.

मेन स्विच बंद करून जावं का?

घरात चालू ठेवण्यासारखं काही नसेल तर बंदच करा. कॅमेरा, वायफाय किंवा बाहेरचा दिवा हवा असेल तर इलेक्ट्रिशियनकडून त्यांची लाइन वेगळ्या एमसीबीवर घेऊन बाकीचे सगळे पाडून ठेवा. मेन चालू ठेवला तरी टीव्ही, मायक्रोवेव्ह, मिक्सर यांच्या पिना काढा. वळवाच्या पावसात वीज कडाडते आणि पुरवठा येतो-जातो, तेव्हा पहिली तीच उपकरणं जातात.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचं काय करायचं?

नुसती बंद करून सोडू नका. चार्ज न होता पडून राहिलेली बॅटरी हळूहळू उतरते, उन्हाळ्यात आणखी वेगानं, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी काही महिने तशीच राहिली की आतल्या पट्ट्या निकामी होतात. बॅटरी पूर्ण चार्ज करा, डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा, इन्व्हर्टर बंद करून तारा काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा कुणालातरी जोडून चार्ज करायला सांगा. ते जमणार नसेल तर इन्व्हर्टर लाइनवर चालू राहू द्या, पण मग पाण्याची पातळी अधूनमधून बघणारं माणूस लागेलच. बॅटरी बंद कपाटात किंवा जिन्याखालच्या कोंदट जागेत नको.

फ्रीज, आरओ, कूलर, गीझर?

फ्रीज रिकामा करून सोड्याच्या पाण्यानं पुसा, मागची पाण्याची ताटली ओता, एक दिवस उघडा वाळू द्या आणि दारात फडक्याची घडी अडकवून ते किलकिलं ठेवा. बंद ठेवलेल्या फ्रीजला बुरशीचा जो वास लागतो तो महिनाभर जात नाही. वॉशिंग मशीनचं दारही उघडंच ठेवा. आरओची टाकी रिकामी करा, परतल्यावर फिल्टर बदलायची वेळ आली आहे का ते बघा आणि पहिल्या दोन-तीन टाक्या पिऊ नका. कूलरचं पाणी काढून आतून क्षार खरवडा, वाळ्याचे किंवा गवताचे पडदे उन्हात खडखडीत वाळवून वेगळे बांधून ठेवा. गीझरचा फक्त स्विच बंद करा.

गच्चीवरच्या सोलर हीटरचं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं तर आपल्या उन्हात हाच आधी विचारायला हवा. पाणी वापरलं जात नसलं तरी ऊन रोज पाणी तापवतच राहतं. काचेच्या नळ्यांचा हीटर असेल तर टाकी भरलेली ठेवा आणि नळ्या गोणपाटानं किंवा जाड कापडानं झाकून दोरीनं पक्क्या बांधा. वाफ जायची हवेची नळी मात्र झाकू नका. पाणी संपून नळ्या रिकाम्या तापल्या आणि त्यांत अचानक गार पाणी शिरलं तर काच तडकते. म्हणून परतल्यावर दुपारी पाणी सोडू नका, पहाटे किंवा रात्री उशिरा सोडा.

गॅस सिलिंडर?

रेग्युलेटर काढा, सिलिंडरला त्याची टोपी बसवा, सिलिंडर उभा आणि हवेशीर जागी ठेवा. नळीवरची मुदत बघा, परतेपर्यंत संपणार असेल तर आल्याबरोबर बदला.

ज्वारी, डाळी, पीठ, चटण्या यांचं काय?

पीठ, रवा, बेसन, शेंगदाणे घरात ठेवू नका. शेंगाचटणी सोबत न्या, नाहीतर वाटून टाका. महिनाभरात तिला खवट वास येतो आणि डब्यातून मुंग्यांची रांग लागते. कडक भाकरी टिकते हे खरं, पण बंद घरात तिच्यासाठी उंदीर येतात.

वर्षाची ज्वारी भरलेली असेल तर उन्हं देऊन, पूर्ण गार झाल्यावर, सुक्या कडुनिंबाच्या पाल्यासकट पत्र्याच्या कोठीत भरा. गरम धान्य भरलं की आत घाम धरतो आणि त्यातूनच कीड लागते. पोती असतील तर भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळीवर ठेवा.

धान्यात टाकायच्या विषारी गोळ्यांबद्दल हात जोडून सांगतो. राहत्या घरात त्या वापरू नका. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना दमट हवा लागली की फॉस्फीन वायू सुटतो आणि तो माणसाचा जीव घेतो. बंद खोलीत तो साचतो, फटींतून शेजारच्या खोलीतही जातो. घर रिकामं आहे म्हणून चालेल असं समजू नका, दार उघडायला कुणीतरी येणारच आहे. दहा किलो ज्वारीला कीड लागली तर लागू द्या.

देवघराचं काय करायचं?

घरोघरची रीत वेगळी. आमच्याकडे देव पुसून, तांदळाच्या डब्यात ठेवून जातात आणि परतल्यावर अभिषेक करून पुन्हा मांडतात. काही जण टाक भावाकडे किंवा लेकीकडे नेऊन देतात, काहींचे शेजारी रोज दिवा लावतात. जे मनाला पटेल ते करा, पण समई किंवा नंदादीप पेटता ठेवून कुलूप लावू नका. विजेच्या दिव्यांची माळही काढून ठेवा. तुळस शेजारी द्या, त्या घरात तिला रोज पाणी मिळेल.

आमचा जुना वाडा आहे, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर). तो बंद ठेवता येतो का?

येतो, पण नुसता कुलपावर नाही. माळवदाची माती दरवर्षी बघावीच लागते. मृगाच्या आधी वर चढून उगवलेलं गवत, पिंपळाची रोपं मुळासकट उपटा, भेगा पडल्या असतील तिथे माती टाकून चोपून घ्या, पन्हळं मोकळी करा. पन्हळात चिमणीचं घरटं किंवा पाला अडकला तर पाणी वर साचतं आणि एकाच पावसात तुळईपर्यंत पोचतं. आपल्याकडे बऱ्याचदा जून-जुलैत पाऊस बेताचा असतो आणि सप्टेंबरात, परतीच्या वेळी पाऊस खरा जोर धरतो. ऑक्टोबर २०२० मध्ये तर दसऱ्याच्या तोंडावर जिल्हाभर अतिवृष्टी झाली. तेव्हा जूनमध्ये गळलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, गणपतीनंतर आणखी एकदा कुणीतरी वर चढायला हवं. पिंपळाचं रोप पेन्सिलीएवढं असताना उपटलं तर भिंत वाचते. दोन वर्षांनी तेच काम गवंड्याचं होतं.

नवा बंगला आहे, तरी भिंतीला भेगा दिसतात. बंद ठेवल्यामुळे का?

बंद ठेवण्याचा संबंध थोडा, मातीचा जास्त. काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पाऊस पडला की फुगते. पाया त्या मानानं खोल नसेल तर फरशी बसते, कंपाउंडची भिंत कलते, जमिनीखालचा पाइप सांध्यात निसटतो. म्हणूनच जायच्या आधी गळतीची ती रेघेची चाचणी करायची. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा आणि फोटो काढा. परतल्यावर भेग खुणेपुढे गेली असेल तर इंजिनिअरला दाखवा, नसेल तर लांबी (पुट्टी) भरून रंग द्या. गच्चीचे पाण्याचे आउटलेट साफ करायला विसरू नका.

वाळवी, उंदीर, कबुतरं कशी थोपवायची?

वाळवी ओल आणि अंधार शोधते. कपाटं, पलंग, पुस्तकांची मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पुठ्ठ्याचे खोके जमिनीवर ठेवू नका, ते तिचं आवडतं खाद्य आहे. चौकटीवर मातीची बारीक रेघ दिसली तर ती नुसती पुसून जाऊ नका, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून मगच निघा. फर्निचरवर प्लॅस्टिक न घालता जुन्या सोलापुरी चादरी घाला. त्या धूळ अडवतात आणि हवाही खेळू देतात, प्लॅस्टिकखाली पावसाळ्यात ओल धरते. जरीच्या साड्यांना डांबराच्या गोळ्या थेट लागू देऊ नका, सुती कापडात गुंडाळून ठेवा.

वरची झरोक्याची खिडकी जाळी लावून थोडी उघडी ठेवली तर घर कुबट होत नाही. गॅलरीला जाळी नसेल तर पारवे हमखास घरटं करतात. गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत साप येणं ही साधी गोष्ट आहे, दाराखालची फट रबराच्या पट्टीनं बंद करा.

किल्ली कुणाकडे द्यावी?

वरच्या प्रत्येक उत्तरात 'कुणीतरी' आला, तो हाच. घर पूर्ण बंद ठेवायचं नसतं, पंधरा दिवसांतून एकदा ते उघडायला हवं. कॅमेरा चोर दाखवेल, पण मोरीत पाणी ओतणार नाही आणि जाम होऊ घातलेली मोटर फिरवणार नाही.

माणूस चालत येण्याच्या अंतरावरचा असावा. जुळे सोलापुरातल्या घराची किल्ली बाळीवेशीतल्या मावसभावाकडे दिली तर तो पहिल्या महिन्यात येईल, नंतर फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणेल. त्याचा दोष नाही, तुम्ही अंतर बघितलं नाही. शेजारच्या काकू, निवृत्त शिक्षक, वर्षानुवर्षं धुणीभांडी करणाऱ्या मावशी यांच्यापैकी कुणी चांगलं. मावशींकडून काम करून घेणार असाल तर त्या महिन्यांचाही पगार द्या आणि तो वेळेवर पाठवा. शेजाऱ्यांना पैसे चालत नाहीत, पण 'बघाल ना जरा' एवढ्यावर सोडू नका. कामं कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा : खिडक्या अर्धा तास उघडणं, मोरीत पाणी, पंपाची मोटर पाच मिनिटं, गच्चीवर नजर, दारातली पत्रकं उचलणं. प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांचे नंबर आणि अचानक खर्च आला तर हजार-दोन हजार रुपये पाकिटात ठेवा. व्हॉल्व्ह कुठे, मेन स्विच कुठे हे समोर उभं राहून दाखवा. आणि दर पंधरा दिवसांनी तुम्ही फोन करा, त्यांच्या फोनची वाट बघू नका.

चोरीची भीती वाटते.

दागिने आणि मूळ कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये, याला पर्याय नाही. आपल्या हद्दीतल्या पोलिस ठाण्यात घर किती दिवस बंद आहे आणि किल्ली कुणाकडे आहे हे कळवून ठेवा. पेपर आणि दूध बंद करा. दिवसरात्र जळणारा बाहेरचा दिवा घरात कुणी नाही हेच सांगतो, त्यापेक्षा अंधार पडल्यावर आपोआप लागणारा दिवा बसवा. बाहेर मोठं कुलूप लटकवण्यापेक्षा दारातच बसवलेलं कुलूप बरं. विमानतळावरचे फोटो परत आल्यावर टाका. किल्लीवाल्याला तुटलेलं कुलूप दिसलं तर त्यानं आत न जाता ११२ ला फोन करावा, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

बिलं आणि कागद?

वापर शून्य असला तरी विजेचा स्थिर आकार येतच राहतो. महावितरणच्या अ‍ॅपवर ग्राहक क्रमांक नोंदवा किंवा आगाऊ रक्कम भरून जा. थकबाकी राहिली तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते आणि ती नोटीस तुमच्या बंद दाराशी पडून राहील, म्हणून मोबाइल नंबर बरोबर नोंदवलेला आहे का ते बघा. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी भरून निघा. घराचा विमा असेल तर घर सलग किती दिवस रिकामं असलेलं चालतं ही अट वाचा, काही पॉलिसींत ती ३० दिवसांची असते.

त्यापेक्षा कुणाला तरी राहायला दिलं तर?

चांगली कल्पना, पण तोंडी नको. नात्यातला असला, भाडं घेणार नसलात, तरी लेखी करा. भाड्यानं देणार असाल तर करार नोंदणीकृतच लागतो आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते.

दारातली स्कूटर, गाडी?

मधल्या स्टँडवर लावा, बॅटरीची एक तार काढा, सुती कापडानं झाका. चारचाकीच्या बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून किल्लीवाल्याला गाडी चालवता येत असेल तर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारू द्या.

परत आल्यावर आधी काय करायचं?

पहाटेच्या गाडीनं उतरलात तर दार उघडल्याबरोबर दिवा लावू नका. आधी नाक लावा. गॅसचा वास आला तर कुठल्याही स्विचला हात न लावता खिडक्या उघडा. वास नसेल तर दारं-खिडक्या सताड उघडून मगच मेन चालू करा. चपलांच्या मांडणीत, जिन्याखाली, गोणपाटाखाली हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा. साप दिसला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

पंपाचं बटण दाबल्यावर नुसता गुरगुर आवाज आला तर लगेच बंद करा. मोटर गंजून बसली आहे, तसंच दाबून ठेवलं तर जळेल. मेन बंद करून, मागचा पंखा हातानं फिरवून सोडवा किंवा मेकॅनिकला बोलवा. टाकी धुऊन नवं पाणी भरा, नळांतून लालसर पाणी जाईपर्यंत सोडा, गीझर भरल्याची खात्री करून मगच चालू करा. पहिले दोन दिवस पिण्याचं पाणी उकळून घ्या.

गड्ड्यासाठीच घर उघडणाऱ्यांनी पाहुण्यांच्या दोन-तीन दिवस आधी यावं. संक्रांतीच्या आठवड्यात प्लंबर मिळणं कठीण असतं, आणि पाणी सुटायचा दिवस किल्लीवाल्याला विचारूनच तिकीट काढावं.